आयन आणि अतिशीत अणू : एकत्र नांदवण्याचे प्रयोग

१९८० साली हायडेलबर्गमध्ये पीटर टॉशेक आणि हान्स डेहमेल्ट यांच्या गटाने बेरियमच्या एका एकट्या आयनाचे छायाचित्र घेतले. १९९५ साली अमेरिकेत बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमच्या विरळ वायूपासून बोस-आइनस्टाइन संघनित तयार केला. पहिल्या प्रयोगात कण एकच, पण त्याच्यावर संपूर्ण हुकमत. दुसऱ्यात कण हजारो, आणि सगळे एकाच पुंजस्थितीत. या दोन टोकांपासून भौतिकशास्त्राच्या दोन शाखा वाढल्या. लेझरच्या झोतात कण थंड करण्याची कला दोघींनी वापरली, दोघींच्या वाट्याला नोबेल पारितोषिके आली. तरी त्यांची उपकरणे, त्यांचे सापळे आणि त्यांना पडणारे प्रश्न बराच काळ वेगळेच राहिले.

एकट्या आयनाला अतिशीत अणूंच्या ढगात नेऊन सोडले तर काय होईल? गेल्या पंचवीस वर्षांत या एका प्रश्नाभोवती एक नवे क्षेत्र उभे राहिले. केंब्रिज, उल्म, बाझेल, आम्स्टरडॅम, फ्रायबुर्ग, श्टुटगार्ट, इस्राएलमधील वाइझमन संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, आणि आपल्याकडे बेंगळुरूची रामन संशोधन संस्था, अशा अनेक ठिकाणी त्यावर काम झाले. या सगळ्या कामाकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथले सर्वांत कठीण झगडे आयनाशीही नव्हते आणि अणूंशीही नव्हते. ते सापळ्याशी होते. आणि त्या झगड्यातून हाती लागलेले रसायनशास्त्र ही या क्षेत्राची आजवरची सर्वांत पक्की कमाई आहे. पुंजसंगणकाची आश्वासने तिच्या मानाने अजून फार मागे आहेत.

आधी हे दोन कण एकमेकांना ओळखतात कसे ते पाहू. दोन उदासीन अणूंमधले आकर्षण फार आखूड पल्ल्याचे असते. अंतर दुप्पट झाले की आकर्षणाची ऊर्जा चौसष्ट पटींनी घटते, त्यामुळे अतिशीत वायूतले अणू काही नॅनोमीटर जवळ येईपर्यंत एकमेकांची दखलही घेत नाहीत. आयनाची गोष्ट निराळी. त्याच्या विद्युतभारामुळे जवळच्या अणूतला इलेक्ट्रॉनांचा मेघ किंचित सरकतो, अणूला एक विद्युत-द्विध्रुव प्राप्त होतो आणि तो आयनाकडे ओढला जातो. ही ऊर्जा अंतर दुप्पट झाल्यावर फक्त सोळा पटींनी घटते. परिणामी आयनाचा दरारा खूप दूरवर पोहोचतो. इटर्बियम आयन आणि लिथियम अणू या जोडीसाठी हा पल्ला सुमारे ७० नॅनोमीटर आहे, तर इटर्बियम आयन आणि रुबिडियमसाठी सुमारे ३०० नॅनोमीटर. दाट संघनितात दोन अणूंमधले सरासरी अंतरही साधारण २०० नॅनोमीटरच असते. म्हणजे आयन एका वेळी एकाच अणूला ओढतो असे म्हणण्याची सोय राहत नाही. आसपासचे कित्येक अणू एकाच वेळी त्याच्या कह्यात येतात. याच आधारावर २००२ साली रॉबिन कोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकीत केले होते की संघनितात सोडलेला आयन शेकडो अणू स्वतःभोवती सैलसर बांधून घेईल आणि एक अवाढव्य रेणू-आयन तयार होईल.

या आकर्षणाचे गणित पॉल लाँजव्हँ यांनी १९०५ सालीच मांडले होते. ठरावीक अंतराच्या आत शिरलेला अणू आयनाकडे घिरट्या घालत कोसळतो. अशा टकरींचा दर काढला तर त्यात कणांचा वेग उरतच नाही. वेगवान अणू जास्त वेळा जवळून जातो पण सहज निसटतो, मंद अणू कमी वेळा येतो पण सापडतो, आणि हिशेब बरोबर जुळतो. म्हणून कितीही थंड केले तरी आयन-अणू टकरी थांबत नाहीत. या एका सूत्राच्या जोरावर अगदी मोजक्या आयनांवरही प्रयोग शक्य होतात.

आता सापळ्याकडे वळू. स्थिर विद्युतक्षेत्राने विद्युतभाराला हवेत अधांतरी धरून ठेवता येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले होते. एका दिशेने धरले की दुसऱ्या दिशेने तो निसटतोच. बॉन विद्यापीठातील वोल्फगांग पाउल यांनी १९५० च्या दशकात यावर तोडगा काढला : क्षेत्र स्थिर न ठेवता सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट करायचे. आयन एका दिशेने निसटू लागेपर्यंत ती दिशाच धरणारी होते. सरासरीने पाहिले तर आयन एका खोल खळग्यात बसल्यासारखा वागतो. हा खळगा इतका खोल असतो की हजारो केल्विन तापमानाचा आयनही त्यात टिकतो. अणूंचे सापळे त्या मानाने फार उथळ. लेझर आणि चुंबकीय क्षेत्र वापरणारा चुंबकीय-प्रकाशीय सापळा सुमारे एक केल्विनपर्यंतचे अणू धरतो, आणि निव्वळ प्रकाशाचे सापळे त्याच्या हजाराव्या भागाइतकेच, किंवा त्याहूनही कमी. पण पाउल सापळ्याच्या या सोयीला एक किंमत आहे. उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रात आयन सतत त्या तालावर थरथरत असतो. या थरथरीला सूक्ष्मगती म्हणतात. ती फक्त सापळ्याच्या नेमक्या मध्यबिंदूवर, किंवा रेषीय सापळ्यात मधल्या अक्षावर, शून्य होते.

दोन्ही सापळे एकमेकांत बसवण्याची कल्पना अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या विन्थ्रॉप स्मिथ यांनी २००३ च्या सुमारास मांडली. आयन-सापळ्याच्या मध्यात चुंबकीय-प्रकाशीय सापळा उभारायचा आणि अणूंचा थंड ढग थेट आयनांवर बसवायचा. ज्या आयनांना लेझरने थंड करता येत नाही ते या ढगाशी टकरा घेत आपोआप थंड होतील, अशी अपेक्षा होती. पहिला मोठा निकाल एमआयटीतल्या व्लादान वुलेतिच यांच्या गटाकडून २००९ साली आला. त्यांनी इटर्बियमचे आयन इटर्बियमच्याच थंड अणूंत ठेवले, त्यांची टक्कर-ऊर्जा हजारपट मर्यादेत बदलत ३५ मिलिकेल्विनपर्यंत खाली आणली आणि लाँजव्हँचा शंभर वर्षे जुना दर तिथेही खरा ठरल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी, २०१० साली, दोन गटांनी एकच मोठी पायरी ओलांडली. केंब्रिजमध्ये मिखाएल कोल यांच्या गटाने एकटा इटर्बियम आयन रुबिडियमच्या संघनितात बुडवला. योहानेस हेकर डेन्श्लाग यांच्या गटाने रुबिडियमच्या संघनितात रुबिडियमचे आणि बेरियमचे आयन सोडले. आयन संघनितात टिकला, त्याच्या टकरी मोजता आल्या, तो थंड होतानाही दिसला.

पण एका मर्यादेपुढे तो थंड होईना. ढग मायक्रोकेल्विनच्याही खाली, आणि त्यात बुडालेला आयन मात्र मिलिकेल्विनच्या घरात अडकलेला! थंड पाण्यात बुडवलेली वस्तू पाण्याइतकी थंड व्हावी हा उष्मागतिकीचा साधा नियम इथे लागू पडत नव्हता, कारण आयन समतोलात नव्हताच. बाहेरचे विद्युतक्षेत्र त्याला सतत हलवत होते. सूक्ष्मगतीत आयन प्रत्येक आवर्तनात क्षेत्राकडून ऊर्जा घेतो आणि तितकीच परत देतो, त्यामुळे एकट्या आयनाचा हिशेब शून्यावर मिटतो. आवर्तनाच्या मध्येच अणू येऊन आदळला की हा हिशेब बिघडतो. झोपाळा लयीत हलत असताना कुणी तो मध्येच थोपवला, तर पुढचा ठरलेला धक्का कधी झोका वाढवतो, कधी मोडतो. आयनाच्या बाबतीत तसेच घडते. फौआद मेजर आणि डेहमेल्ट यांनी १९६८ सालीच यातून एक नियम काढला होता : शीतक अणू आयनापेक्षा हलका असेल तर आयन थंड होतो, जड असेल तर तापतो, आणि दोघांचे वस्तुमान सारखे असेल तर धड हेही नाही आणि तेही नाही.

२००९ साली राल्फ डीव्हो यांनी दाखवले की प्रश्न याहून खोल आहे. अशा आयनाच्या ऊर्जेचे वितरण नेहमीच्या घंटाकृती वळणाचे नसतेच. त्याला लांबलचक शेपूट असते. बहुतेक वेळा आयन थंड असतो, पण अधूनमधून तो सरासरीच्या कित्येक पट ऊर्जेवर सापडतो. मग त्याचे तापमान किती, या प्रश्नालाच नेमका अर्थ उरत नाही. वाइझमन संस्थेत रॉई ओझेरी यांच्या गटाने २०१६ साली स्ट्राँशियमचा आयन आधी सापळ्यातल्या सर्वांत खालच्या ऊर्जास्थितीत नेला, मग त्याला रुबिडियमच्या ढगात सोडले आणि पहिल्या काही टकरींतच ही शेपूट कशी उगवते ते प्रत्यक्ष पाहिले. मला हा प्रयोग या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. थंड कसे करायचे हे विचारण्याआधी आयन का तापतो, हे त्याने पायरीपायरीने उलगडून दाखवले.

तापण्याचे अंतिम कारण वुलेतिच यांच्या गटाने २०१२ साली स्पष्ट केले. समजा आयन नेमका मध्यबिंदूवर बसवला आहे आणि सूक्ष्मगती पूर्ण घालवली आहे. अणू जवळ येऊ लागला की तो आयनाला स्वतःकडे ओढतो. ओढला गेलेला आयन मध्यबिंदूवरून ढळतो, ढळताच विद्युतक्षेत्र त्याच्यावर कार्य करू लागते, आणि टक्कर होण्याआधीच जोडीला ऊर्जा मिळते. म्हणजे कितीही काळजी घेतली तरी ही उष्णता चुकत नाही. मात्र आयन जड आणि अणू हलका असेल तर ओढाताणीत आयन जागचा फारसा हलत नाही, अणूच धावून येतो, आणि तापण्याची मर्यादा खूप खाली जाते. या एका निष्कर्षाने पुढच्या दहा वर्षांची दिशा ठरली. त्यानंतर या क्षेत्रातल्या अनेक गटांच्या निवडीत लिथियम येऊन बसला.

त्याच २०१२ साली बेंगळुरूहून एक वेगळे उत्तर आले. रामन संशोधन संस्थेत सादिक रंगवाला यांच्या गटाने रुबिडियमचे आयन रुबिडियमच्याच थंड अणूंत ठेवले होते. मेजर-डेहमेल्ट नियमानुसार सारख्या वस्तुमानाच्या या जोडीत फारसे काही घडू नये. शिवाय रुबिडियमच्या आयनाची इलेक्ट्रॉनरचना निष्क्रिय वायूसारखी बंद असते. त्याला लेझरने थंड करता येत नाही आणि त्याच्यावर प्रकाश टाकून तो पाहताही येत नाही. त्याला सापळ्यातून बाहेर काढून संवेदकावर मोजावे लागते. तरीही आयन थंड होत होते आणि जास्त काळ टिकत होते. कारणे दोन निघाली. एक तर अणूंचा ढग लहान होता आणि सापळ्याच्या मध्यातच होता. तिथे सूक्ष्मगती सर्वांत कमी असते, त्यामुळे टकरी योग्य जागीच होत होत्या. दुसरे कारण अधिक सुंदर आहे. वेगवान आयन एखाद्या संथ अणूजवळून जातो, त्या क्षणी अणूतला एक इलेक्ट्रॉन आयनावर उडी मारतो, आणि भूमिका बदलतात. वेगवान कण आता उदासीन होऊन निघून जातो आणि मागे उरतो तो जवळजवळ थांबलेला नवा आयन. अनेक टकरींत हळूहळू व्हायचे काम एका निसटत्या भेटीत होते. सौरव दत्ता आणि रंगवाला यांनी पुढे सीझियमच्या आयनांवर सीझियम आणि रुबिडियम अशा दोन्ही ढगांचा परिणाम पडताळून याची पुष्टी केली. २०१७ साली याच संस्थेतून पोटॅशियमचे हलके आयन रुबिडियमच्या जड अणूंनी थंड केल्याचा निकाल आला. जुन्या नियमाप्रमाणे ते तापायला हवे होते; मध्यातल्या लहान ढगाने तो नियम वाकवला. साध्या चुंबकीय-प्रकाशीय सापळ्यावर, संघनिताशिवाय, असे मूलभूत निकाल मिळवणे ही या संस्थेची मोठी कामगिरी आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

थंड करण्याची एवढी धडपड कशासाठी? उत्तर लहरींत आहे. टकरीतला कोनीय संवेग पायऱ्यापायऱ्यांनीच असू शकतो. ऊर्जा जास्त असेल तर एकाच वेळी डझनांनी पायऱ्या सामील होतात, त्यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात आणि चित्र जुन्या यांत्रिकीसारखे दिसू लागते. ऊर्जा एका मर्यादेखाली गेली की शून्याची एकच पायरी उरते, आणि तिथून पुढे आयन-अणू टक्कर ही निखळ पुंजघटना होते. ही मर्यादा इटर्बियम आयन व रुबिडियमसाठी सुमारे ५० नॅनोकेल्विन आहे. तिथे पोहोचण्याची पाउल सापळ्यात आशाच नाही. इटर्बियम व लिथियमसाठी मात्र ती १० मायक्रोकेल्विनच्या जवळपास आहे, म्हणजे जवळजवळ दोनशे पट वर. हलका अणू घेण्याचा हा दुहेरी फायदा : तापणेही कमी आणि गाठायची मर्यादाही सोपी.

२०२० साली आम्स्टरडॅममध्ये रेने खेरित्स्मा यांच्या गटाने हे साधले. लिथियम-६ च्या अतिशीत ढगात इटर्बियमचा एकच आयन ठेवून त्यांनी टक्कर-ऊर्जा त्या मर्यादेपर्यंत खाली आणली, आणि टकरींच्या दरात लाँजव्हँच्या सूत्रापासून ढळण्याच्या पुंजखुणा त्यांना दिसल्या. पुढच्याच वर्षी फ्रायबुर्गमध्ये टोबियास शेट्स यांच्या गटाने बेरियमचा आयन आणि लिथियम-६ यांच्यातले फेशबाख अनुनाद शोधले. उदासीन अणूंमध्ये हे अनुनाद १९९८ पासून माहीत होते आणि अतिशीत अणूंच्या शास्त्राची अर्धी ताकद त्यांच्यातच आहे. जवळ येणारी मोकळी जोडी आणि त्याच जोडीची एखादी बद्ध रेणू-स्थिती, या दोन्हींच्या ऊर्जा चुंबकीय क्षेत्राने वेगवेगळ्या सरकतात. क्षेत्र नेमके जुळवले की दोन्ही ऊर्जा एक होतात आणि कणांमधली परस्परक्रिया हवी तशी वाढवता-घटवता येते. फ्रायबुर्गच्या गटाने आधी ढग दाट ठेवून तीन कणांच्या अभिक्रियांमुळे होणाऱ्या घटीवरून अनुनादांच्या जागा ओळखल्या, मग परिस्थिती बदलून दोन कणांच्या टकरींना प्राधान्य दिले आणि अनुनादाचा आयनाच्या थंड होण्यावर होणारा परिणाम तपासला. त्या दिवसापासून आयन-अणू परस्परक्रिया ही निसर्गाने दिली तशी स्वीकारायची गोष्ट राहिली नाही. तिला बाहेरून फिरवता येणारे बटण मिळाले.

सापळ्याची कटकट मुळातूनच टाळण्याचे दोन मार्ग निघाले आहेत. पहिला, आयनालाही प्रकाशानेच धरायचे. शेट्स यांच्याच गटाने २०१० साली मॅग्नेशियमचा आयन लेझरच्या झोतात पकडून दाखवला होता, आणि २०२० साली प्रकाशीय सापळ्यातला बेरियम आयन रुबिडियमच्या अणूंनी थंड केला. इथे सूक्ष्मगतीचा प्रश्नच नाही. पण हा सापळा इतका उथळ की भटके विद्युतक्षेत्रही आयनाला बाहेर लोटते. दुसरा मार्ग श्टुटगार्टच्या टिलमन फाउ यांच्या गटाचा. तिथे आयन बाहेरून आणायचाच नाही. संघनितातल्याच एका अणूतला इलेक्ट्रॉन लेझरने फार दूरच्या कक्षेत न्यायचा, किंवा पूर्ण काढून टाकायचा. जन्माला येणारा आयन मुळातच ढगाइतका थंड असतो. २०१८ साली त्यांनी मायक्रोकेल्विनखालच्या आयनाचा संघनिताशी संबंध अभ्यासला, २०२१ साली तो संघनितातून कसा वाहतो ते मोजले, आणि २०२२ साली आयन व रिडबर्ग अणू (म्हणजे दूरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन नेलेला अणू) यांच्यातला एक नवाच रासायनिक बंध आपल्या आयन-सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहिला. या बंधाची लांबी कित्येक मायक्रोमीटर, म्हणजे जिवाणूच्या आकाराइतकी! मात्र इथे आयन कैद नसतो, म्हणून त्याच्यासोबत घालवायला वेळ फार थोडा मिळतो.

आता रसायनशास्त्राकडे येतो, कारण माझ्या मते या क्षेत्राचे वजन तिथे आहे. शाळेत आपण शिकतो ते अभिक्रियांचे दर म्हणजे असंख्य कणांच्या गर्दीची सरासरी. कोणता कण कोणत्या स्थितीत होता, कोणत्या वेगाने आदळला, हे सगळे तिच्यात बुडून जाते. इथे एकच आयन असतो. तो चमकत असतो आणि कॅमेऱ्यावर ठिपक्यासारखा दिसतो. अभिक्रिया झाली की ठिपका विझतो. शेजारी दुसरा चमकणारा आयन ठेवला, तर विझलेल्या शेजाऱ्याचे वस्तुमानही कळते, कारण दोघे मिळून सापळ्यात ज्या वारंवारतेने हेलकावतात ती त्यावर अवलंबून असते. अशा रीतीने नवा कण मोकळा आयन आहे की रेणू, हे न बघताही सांगता येते. मग हाच प्रयोग पुनःपुन्हा करून एका-एका घटनेतून दर उभा करायचा.

कोल यांच्या गटाला असे आढळले की तळस्थितीतल्या इटर्बियम आयनाची रुबिडियमशी अभिक्रिया लाखभर टकरींमागे एखाद्या वेळीच होते. पण आयनाची आंतरिक स्थिती बदलली की दर कमालीचा बदलतो. उत्तेजित स्थितीत तर जवळपास प्रत्येक टक्कर अभिक्रियेपर्यंत जाऊ शकते. २०१२ साली त्यांनी एका कणाची अभिक्रिया अशी नियंत्रित करून दाखवली. त्याच वर्षी हेकर डेन्श्लाग यांच्या गटाने आणखी एक पैलू उघड केला. रुबिडियमचा एक आयन आणि दोन अणू एकत्र येण्याचा दर, तीन उदासीन अणू एकत्र येण्याच्या दरापेक्षा सुमारे हजार पट मोठा निघाला. अशा घटनेत आयनाला मोठी ऊर्जा मिळून तो ढगाबाहेर फेकला जातो, पुन्हा थंड होत आत येतो आणि पुन्हा तेच. शेवटी तो आयन म्हणूनच उरतो, म्हणजे बहुधा दोन अणूंचा रेणू जुळवून देणारा उत्प्रेरक! एकट्या कणाला उत्प्रेरकाचे काम करताना पाहणे ही रसायनशास्त्राच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. २०२१ साली याच गटाने बेरियम-रुबिडियम रेणू-आयनाचा अतिशीत ढगातला जन्म, त्याचे आयुष्य आणि त्याचा शेवट असा पूर्ण प्रवास नोंदवला.

बाझेलमध्ये श्टेफान विलित्श यांच्या गटाने कॅल्शियमच्या आयनांचे रुबिडियमशी होणारे व्यवहार तपासले आणि दाखवले की प्रकाशाची भूमिका यात केवळ साक्षीदाराची नसते. थंड करण्यासाठी वापरलेला लेझरच अणूंना उत्तेजित करतो आणि अभिक्रियांची नवी दारे उघडतो. नायट्रोजनच्या रेणू-आयनाच्या बाबतीतही त्यांना उत्तेजित रुबिडियमशी वेगाने होणारी अभिक्रिया दिसली. लॉस एंजेलिसमध्ये एरिक हडसन यांच्या गटाने २०१३ साली बेरियम क्लोराइडच्या रेणू-आयनातली आंतरिक कंपने थंड कॅल्शियमने शांत होत असल्याचा पुरावा दिला. २०१७ साली बेरियम, ऑक्सिजन आणि कॅल्शियम यांचा एक नवा रेणू-आयन याच सापळ्यात तयार केला. अशा अभिक्रियांचा आकाशाशी थेट संबंध आहे. तारे जन्मतात त्या दाट आंतरतारकीय मेघांचे तापमान १० ते २० केल्विन असते, आणि एवढ्या थंडीत रसायनशास्त्र चालते ते प्रामुख्याने आयनांच्या जोरावर, कारण त्यांच्या अभिक्रियांना सहसा ऊर्जेचा अडसर नसतो.

वाइझमन संस्थेच्या कामातून आणखी एक अनपेक्षित फळ मिळाले. स्ट्राँशियम आयन आणि रुबिडियम यांच्या फिरकींची (स्पिनची) दिशा बदलून विद्युतभाराची देवाणघेवाण वाढवता-घटवता येते, हे त्यांनी २०१८ साली दाखवले. त्याच वर्षी असेही पुढे आले की वेगवेगळ्या कोनीय संवेगांचे वाटे एकाच ठेक्यात बांधलेले राहतात, त्यामुळे शून्य पायरीच्या मर्यादेहून कितीतरी वरच्या ऊर्जेलाही पुंजखुणा शिल्लक राहतात. ज्या थंडीसाठी सगळे जण झटत होते तिच्याशिवायही काही उत्तरे मिळू शकतात, असा याचा अर्थ. सापळ्याबद्दलचा समजही २०२३ साली बदलला. याच गटाला दिसले की सापळ्यामुळे आयन आणि अणू काही काळ एकमेकांना चिकटून राहतात, पुनःपुन्हा आदळतात आणि मग सुटतात. मोकळ्या अवकाशात दोनच कण असे बांधले जाऊ शकत नाहीत, कारण जादा ऊर्जा द्यायला तिसरा कोणी नसतो. इथे तिसरा म्हणजे सापळाच. मोजमापातून वजा करायची बाब म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, तो अभिक्रियेतला भागीदार निघाला. त्यामुळे आधीच्या काही मोजमापांचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल, असे मला वाटते.

राहिली पुंजसंगणकाची आणि पुंजप्रतिरूपांची स्वप्ने. आयन आणि अणू यांच्यात तर्कद्वार बांधण्याचे आराखडे २०१० पासून आहेत. आयनांच्या साखळीला स्फटिकाची जागा आणि अणूंना त्यातल्या इलेक्ट्रॉनांची जागा देऊन घनपदार्थाचे प्रतिरूप उभारण्याचा २०१३ चा प्रस्ताव तर फारच देखणा आहे. पण त्याच वर्षी कोल यांच्या गटाने हेही दाखवले की अणूंच्या ढगात बुडालेल्या आयनाची फिरकी-स्थिती, म्हणजे संगणकासाठी साठवायची माहिती, मोजक्याच टकरींत विस्कटते. ज्या दूरगामी आकर्षणामुळे ही जोडी मोहक वाटते तेच तिला माहितीच्या दृष्टीने नाजूक करते. लिथियमसोबत परिस्थिती सुधारू शकते, अनुनादांचे बटणही हाती आले आहे. तरी या कामासाठी निधी मागताना संगणकाचे नाव पुढे करणे मला पटत नाही. कोटे यांनी भाकीत केलेला शेकडो अणूंचा रेणू-आयन, आयनाभोवती अणूंचा दाट वेढा, एका आयनावरून दुसऱ्यावर उडी मारत वाहणारा विद्युतभार, हे प्रश्न स्वतःच्या बळावर उभे आहेत. त्यांना उसन्या कारणांची गरज नाही.

भारत सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्ये अतिशीत अणूंवर काम चालते. आयन-अणू प्रयोग हे मुळात मापनाचेच प्रयोग आहेत : एकच कण, आणि त्याच्या प्रत्येक टकरीची नोंद. हा पैसा वाटणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की यंत्रे आणि उत्पादने यांच्या यादीत अशा संथ, मूलभूत कामासाठीही जागा राखावी. बेंगळुरूच्या गटाने २०१२ साली जे शोधले ते कोणत्याही उत्पादनाच्या यादीत नव्हते.